बाळंतविडा कसा असावा?

(आसेगाव, जि. वाशीम येथे हिवाळ्याच्या तोंडावर झालेल्या महिला सभेतील भाषण)



आजचा विषय आहे तान्ह्या बाळाचे कपडे आणि अंथरूण-पांघरूण. काहींना वाटेल, यात भाषण काय द्यायचे? प्रत्येक घरात आजी आहे, तिला सगळे ठाऊक असते. खरे आहे. पण आपण दर वर्षी थंडीत वस्त्यांवर बाळंतविडे पाठवतो. आंध आणि पारधी बांधवांच्या वस्त्या असोत, वीटभट्टीवरची पाले असोत, की ऊसतोडीला निघालेली कुटुंबे असोत, आपल्या हातचे कापड तिथल्या बाळाच्या उघड्या अंगाला लागते. ते कापड कसे निवडले, कसे शिवले, कसे ठेवले, यावर त्या जिवाचे पुष्कळ अवलंबून असते. म्हणून हा विषय मी मागून घेतला.

लूकच्या शुभवर्तमानात ख्रिस्तजन्माची कथा आपण दर नाताळात वाचतो. बाळ जन्मल्यावर मरियेने पहिले काम काय केले, याची लूकने नोंद केली आहे. तिने त्याला बाळंत्यात गुंडाळले. जागा मिळाली ती गव्हाणीत, पण कापड तिने बरोबर आणलेले होते. प्रवासात, परक्या गावी, दिवस भरलेले असतानाही तिने बाळंती बांधून घेतली होती. यहेज्केलाच्या १६ व्या अध्यायात याच्या उलट चित्र आहे. टाकून दिलेल्या मुलीचे वर्णन करताना संदेष्टा म्हणतो की तिला कोणी धुतले नाही आणि कोणी कापडात गुंडाळले नाही. तान्ह्याला गुंडाळणे म्हणजे ‘हे लेकरू आमचे आहे’ असे जगाला सांगणे. एवढे लक्षात ठेवून आता कामाच्या गोष्टीकडे येऊ.

थंडी बाळाला कशी मारते

आईच्या पोटात बाळाला सदतीस अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब असते. बाहेर येते तेव्हा ते ओले असते. ओले अंग वाऱ्याला लागले की काय होते, हे नदीवर अंघोळ करणाऱ्या कोणालाही माहीत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनात सांगितले आहे की ओले, उघडे ठेवलेल्या बाळाचे तापमान पहिल्या दहा-वीस मिनिटांतच दोन ते चार अंशांनी उतरू शकते.

मोठ्या माणसाला थंडी वाजली की तो कुडकुडतो आणि त्या हालचालीने अंग तापते. तान्ह्या बाळाला कुडकुडता येत नाही. त्याच्या मानेभोवती, पाठीत आणि मूत्रपिंडांजवळ एक खास प्रकारची चरबी असते, ती जाळून ते ऊब निर्माण करते. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळात ही चरबी थोडीच असते. शिवाय बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते, लांबीचा जवळजवळ चौथा हिस्सा. उघड्या डोक्यातून पुष्कळ ऊब निघून जाते.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. गारठलेले बाळ रडत नाही. ते शांत पडून राहते, दूध ओढत नाही, हातपाय ढिले सोडते. घरातली माणसे म्हणतात, लेकरू किती गुणाचे आहे, बिलकुल त्रास देत नाही. आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी धावपळ सुरू होते. गारठ्याने बाळाची साखर उतरते, श्वासाला त्रास होतो, जंतुसंसर्गाशी लढायची ताकद कमी होते. मग मृत्यूचे कारण म्हणून दुसरेच काही लिहिले जाते, पण सुरुवात गारठ्यापासून झालेली असते.

विदर्भातच याचा अभ्यास झालेला आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ मध्ये गडचिरोलीत ‘सर्च’ ही संस्था सुरू केली. १९९३ पासून त्यांनी गावोगावच्या नवजात बालकांची नोंद ठेवली, आणि १९९५ पासून ३९ गावांत बायांना शिकवून घरोघरी बाळांची काळजी घेण्याचे काम सुरू केले. या बाया फार शिकलेल्या नव्हत्या. त्या बाळाचे वजन करीत, तापमान बघत, त्याला उबदार कसे ठेवायचे ते आईला दाखवत, आणि आजाराची लक्षणे ओळखून उपचार करीत. त्यांच्या सामानात बाळाला ऊब देणारी कापडी झोपपिशवीही असे. तिसऱ्या वर्षी त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू शेजारच्या गावांच्या तुलनेत ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हा अहवाल छापून आला. पुढे २०११ मध्ये भारत सरकारने हीच पद्धत आशाताईंच्या मार्फत देशभर लागू केली.

आज आपल्या राज्यात बहुतेक बाळंतपणे दवाखान्यात होतात. ही फार चांगली गोष्ट आहे. पण दवाखान्यातून दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घरी पाठवतात. तिथून पुढचे दिवस बाळ कुडाच्या घरात, पत्र्याच्या खोलीत, नाही तर पालात असते. आपला बाळंतविडा त्या दिवसांसाठी आहे.

कापड कोणते?

वस्तीवर एका आजीने मला सांगितले होते, “बाई, तान्ह्या लेकराले नवं कापड घालत नाईत. घरातल्या म्हाताऱ्याचं धोतर फाडतात, अन् त्यातच गुंडाळतात. म्हाताऱ्यावानी आयुष्य मिळते.” आयुष्याची गोष्ट देवाच्या हातात. पण कापडाची गोष्ट आजीची अगदी बरोबर आहे. शंभर वेळा धुतलेले सुती धोतर किंवा लुगडे नव्या कापडापेक्षा मऊ असते, त्यात खळ उरलेली नसते, रंग सुटत नाही आणि ते ओल चांगली शोषते. बाळाची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. नव्या कापडाची खळ आणि कच्चा रंग तिला टोचतो.

तेव्हा पहिला नियम: सुती, मऊ, धुतलेले. नवे कापड घेतलेच तर मलमल घ्यावी आणि शिवण्याआधी दोनदा गरम पाण्यातून काढावी. आपण कापूस पिकवणारी माणसे. बोंडे वेचून आपल्या बायांच्या बोटांना चिरा पडतात, आणि आपल्याच लेकरांच्या अंगावर बाजारातला नायलॉनचा झगा चढतो. त्यात घाम मुरत नाही, घामोळ्या येतात, आणि शेगडीची ठिणगी पडली तर असले कापड वितळून कातडीला चिकटते. जरीचे, टिकल्यांचे, लेसचे फ्रॉक फोटोत छान दिसतात, पण ते बाळंतविड्यात घालू नका.

दुसरा नियम शिलाईचा. झबले समोरून उघडणारे असावे, म्हणजे डोक्यातून ओढावे लागत नाही. बाह्या रुंद असाव्यात. बटणाऐवजी कापडी बंद लावावेत, पण ते आखूड ठेवावेत, चार बोटांपेक्षा लांब नकोत, आणि गळ्याजवळ तर नकोतच. बटण तुटून तोंडात जाते, आणि लांब बंद मानेभोवती अडकतो. शिवण बाहेरच्या बाजूला ठेवली तर आतून टोचत नाही. दिसायला उलटे दिसेल, पण बाळाला सुलटे लागेल. सेफ्टी पिन कुठेही नको.

लंगोट तिकोनी बांधायचा असतो. तो नाळेच्या खाली बांधावा, म्हणजे नाळ उघडी आणि कोरडी राहते. नाळेवर हळद, राख, तूप, तेल, काहीही लावायचे नाही. ती कोरडी राहिली की आपोआप गळून पडते.

पुष्कळ जण विचारतात, डायपर का देऊ नये? एक तर तो संपला की आईला दुसरा विकत घेता येत नाही, मग तोच दिवसभर राहतो आणि कातडी सोलवटते. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. लंगोट मोजता येतो. पहिल्या आठवड्याच्या अखेरीस बाळ दिवसाला सहा-सात वेळा लंगोट ओला करीत असेल तर त्याला दूध पुरते आहे असे समजावे. वजनकाटा नसलेल्या घरात ओले लंगोट हाच काटा असतो. डायपरमध्ये हा हिशोब हरवतो.

किती कपडे घालावेत?

आपल्याकडे थंडी असो की ऊन, बाळ दिसले की गुंडाळ, अशी रीत आहे. पण वाशीमच्या डिसेंबरातली रात्र आणि मे महिन्यातली दुपार एक नव्हे. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर जातो. पत्र्याखाली त्या दिवसांत बाळाला कुंची, मोजे, स्वेटर घालून दुपट्यात बांधले तर त्याला ताप येतो, अंगातले पाणी कमी होते. घरातली माणसे म्हणतात, ताप आला, आणखी पांघरूण घाला.

एक सोपा नियम लक्षात ठेवा. आपल्याला जेवढे कपडे पुरतात त्यापेक्षा बाळाला एखादा-दुसरा थर जास्त. आपण दुलई घेत असू, तर बाळाला झबले, त्यावर लोकरी किंवा जाड सुती अंगरखा, टोपरे, मोजे आणि दुपटे. आपल्याला अंगावर पातळ साडीही नकोशी होत असेल, तर बाळाला एक मलमलीचे झबले आणि लंगोट पुष्कळ झाला. घरात टोपरेही नको. लोकर कधीही थेट कातडीला लावू नये, आत सुती थर हवा.

आणि हाताने तपासा. यासाठी यंत्र लागत नाही. आपला हात कोरडा आणि कोमट असावा. हाताची मागची बाजू आधी बाळाच्या पोटाला लावा, मग तळपायाला. पोटही उबदार, पायही उबदार आणि गुलाबी, तर बाळ ठीक आहे. पोट उबदार पण पाय गार, तर बाळाला थंडी वाजते आहे, लगेच ऊब द्या. पोटही गार, पायही गार, तर बाळ गारठले आहे. त्याला आईच्या उघड्या छातीशी धरा, वरून पांघरूण घाला, दूध पाजायचा प्रयत्न करा आणि दवाखान्याची वाट धरा. पोट, मान, छाती घामेजलेली आणि तापलेली असतील तर एक थर काढा. थर्मामीटर असेल तर काखेतले तापमान ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे फॅरनहाइटमध्ये ९७.७ ते ९९.५ असावे.

अंघोळीचेही इथेच सांगते. बाळ जन्मताच न्हाऊ घालायची घाई करू नये. जन्मल्याबरोबर कोरड्या कापडाने पुसावे, ओले कापड टाकून दुसऱ्या कोरड्या कापडात घ्यावे, आईच्या छातीशी द्यावे. पहिली अंघोळ निदान एक दिवस, म्हणजे चोवीस तास तरी पुढे ढकलावी. वजन कमी असेल तर आणखी थांबावे, फक्त पुसून घ्यावे. म्हणून बाळंतविड्यात पुसायची कापडे दोन तरी हवीत. एक पुसायला, एक गुंडाळायला.

पाय बांधू नका

दुपट्यात गुंडाळणे चांगले. पण पाय सरळ ताणून, वरून फडक्याची पट्टी बांधून, बाळाची मोळी करणे चांगले नव्हे. तान्ह्याचे पाय गुडघ्यात वाकलेले आणि बाहेरच्या बाजूला पसरलेले असतात, बेडकासारखे. कमरेचा सांधा त्याच स्थितीत नीट घडतो. जपानमध्ये पूर्वी बाळाचे पाय सरळ बांधायची चाल होती आणि खुबा निखळलेली मुले पुष्कळ असत. १९७५ च्या सुमारास तिथे पाय मोकळे ठेवण्याची मोहीम निघाली आणि हे प्रमाण झपाट्याने खाली आले. आपल्या बाया लेकराला कडेवर घेऊन दिवसभर काम करतात, तेव्हा त्याचे पाय फाकलेलेच असतात. ती रीत खुब्याला चांगली आहे, ती सोडू नका. दुपटे वरून सैल आणि खालून मोकळे असावे. छातीवर आपली दोन बोटे आत शिरतील एवढी जागा हवी.

अंथरूण

बाळाने आईजवळ झोपावे, त्याला वेगळ्या खोलीची गरज नाही. अंथरूण सपाट आणि घट्ट असावे. खाली चटई, त्यावर गोधडी, त्यावर धुतलेले सुती फडके. बाज सैल पडली असेल तर तिच्या खोलगट भागात बाळ कुशीला वळते आणि नाक दाबले जाते, तेव्हा बाज आवळून घ्यावी. फरशी किंवा सारवलेली जमीन थंडीत ऊब शोषून घेते, म्हणून नुसत्या एका फडक्यावर बाळाला जमिनीवर ठेवू नये.

बाळाला उताणे झोपवावे. अमेरिकेत १९९४ मध्ये बाळांना पाठीवर झोपवा अशी मोहीम सुरू झाली, आणि पुढच्या काही वर्षांत झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण निम्म्यावर आले. पालथे किंवा कुशीवर झोपवू नका.

डोक्याखाली उशी नको. मोहरीच्या उशीने डोके गोल होते असे म्हणतात, पण तिची शिवण उसवली तर मोहरी नाकातोंडात जाते, आणि उशीमुळे हनुवटी छातीला टेकून श्वासाची वाट आवळते. तान्ह्याचे डोके एका बाजूला थोडे चपटे झाले तरी पुढे बहुधा आपोआप सुधारते. तोंडावर येईल असे जाड पांघरूण, मऊ खेळणी, चादरीचे ढीग हेही नको. पांघरूण काखेपर्यंत घालून दोन्ही बाजूंना अंथरुणाखाली खोचावे. कडाक्याच्या थंडीत कापडी झोपपिशवी चांगली, कारण ती सरकून तोंडावर येत नाही.

झोळीबद्दल थोडे सांगते. शेताच्या बांधावर, भट्टीवर झोळी लागतेच. खाली ठेवले तर मुंग्या, विंचू, कुत्रे. म्हणून झोळी वाईट असे मी म्हणणार नाही. पण ती इतकी खोल नसावी की बाळाची मान दुमडेल. दोन्ही टोके थोडी दूर बांधली, आत गोधडीची घडी टाकली, की तळ पसरट राहतो. तोंड उघडे दिसले पाहिजे. साडीने वरून पूर्ण झाकू नये. डासांसाठी मच्छरदाणी टाकावी.

बाजेखाली शेगडी ठेवायची चाल अजून आहे. बाळंतिणीला शेक मिळतो हे खरे, पण बंद खोलीत कोळशाचा धूर डोळ्याला न दिसता जीव घेतो आणि लोंबणारे पांघरूण पेट घेते. आधी खोलीतली झोत येणारी फट बुजवा, आईजवळ बाळ द्या, आणि शेगडी पेटवलीच तर खोली तापल्यावर ती बाहेर काढा. धुरी बाळाला देऊ नये.

सर्वांत मोठी ऊब

बाळ अडीच किलोपेक्षा कमी वजनाचे असेल तर कपड्यांपेक्षा मोठा उपाय आईच्या अंगातच आहे. १९७८ मध्ये कोलंबिया देशात बोगोटा शहरी डॉ. एडगर रे सानाब्रिया यांच्या रुग्णालयात ऊब देणाऱ्या पेट्या पुरत नव्हत्या. त्यांनी लहान बाळांना आईच्या उघड्या छातीला बांधून ठेवायला सुरुवात केली. कांगारू आपल्या पिलाला ठेवते तसे, म्हणून त्याला कांगारू पद्धत म्हणतात. पुढे भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या रुग्णालयांत अभ्यास झाला. आपल्या देशातून दिल्लीचे सफदरजंग रुग्णालय त्यात होते. जन्मल्याबरोबर छातीशी धरलेल्या अशा लहान बाळांचे मृत्यू २५ टक्क्यांनी कमी झाले. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्याकडे विजेची पेटी नव्हती त्यांच्या गरजेतून ही रीत निघाली, आणि आता पेटी असलेल्या रुग्णालयांनीही ती उचलली आहे.

बाळाच्या अंगावर फक्त टोपरे, लंगोट आणि मोजे. आईच्या दोन स्तनांमध्ये उभे धरायचे, मान एका बाजूला वळवायची, वरून साडी किंवा ओढणीने बांधायचे, त्यावर शाल. दिवसातून निदान आठ तास, जमेल तितके जास्त. आई दमली तर बापाने धरावे, आजीने धरावे. पुरुष मंडळी मागे बसली आहेत, त्यांना मुद्दाम सांगते. शर्टाची बटणे उघडून लेकराला छातीशी धरण्यात कमीपणा नाही.

म्हणून आपल्या बाळंतविड्यात बाळाच्या कपड्यांबरोबर आईसाठी एक रुंद सुती ओढणी आणि एक शाल घालायची आहे.

डांबरगोळ्या

आता जी गोष्ट सांगते ती देणाऱ्यांसाठी आहे. तुमच्यापैकी अनेक जणी मुलांचे जुने कपडे जपून ठेवतात आणि आम्हाला देतात. ते कपडे पेटीत, कपाटात असतात आणि त्यात डांबराच्या गोळ्या असतात. आमच्याकडे आलेली बोचकी उघडली की आधी तोच वास येतो.

काही माणसांच्या रक्तात जी-६-पी-डी नावाचे एक द्रव्य जन्मतः कमी असते. मुलग्यांत हे अधिक दिसते, आणि मध्य भारतातल्या अनेक आदिवासी समाजांत याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त आढळते. एरवी अशा माणसाला काही त्रास नसतो. पण डांबरगोळीतले नॅप्थलीन त्याच्या अंगात गेले की रक्तातल्या तांबड्या पेशी फुटू लागतात. तान्ह्या बाळात हे वासातून आणि कातडीतून जाते, तेल लावलेल्या अंगातून अधिकच. बाळाला जोराची कावीळ होते. ही कावीळ मेंदूपर्यंत गेली तर बाळ जगले तरी बहिरेपण किंवा अपंगत्व राहू शकते. वस्तीतल्या आईला आपल्या बाळाच्या रक्तात काय आहे हे माहीत नसते. आपण प्रेमाने दिलेल्या झबल्याने तिचे लेकरू आजारी पडू शकते.

म्हणून विनंती करते, बाळाचे कपडे ठेवताना डांबरगोळ्या वापरू नका. वाळलेला कडुनिंबाचा पाला फडक्यात बांधून ठेवा. आणि गोळ्यांत ठेवलेले कपडे तान्ह्या बाळासाठी देऊच नका. धुऊन वास गेल्यासारखा वाटला तरी नको. ते मोठ्यांच्या गोधडीत किंवा पुसण्यात जाऊ द्या.

याच ओघात आणखी दोन गोष्टी. गळ्यात काळा दोरा, मण्यांची माळ नको, ती झोपेत आवळते. डोळ्यांत काजळ नको, त्यात शिसे असू शकते आणि बोटाने जंतू जातात. आजीचे मन मोडायचे नसेल तर तीट तळपायाला लावा. नजर तिथेही थांबते, असे आजीला सांगा.

आपला बाळंतविडा

यंदाच्या प्रत्येक पिशवीत आपण हे घालू: समोरून उघडणारी सुती झबली सहा, लंगोट पंधरा, टोपरी दोन, मोजे दोन जोड, पुसायची मऊ कापडे दोन, दुपटी तीन, जाड अंगरखा एक, लहान गोधडी एक, मच्छरदाणी एक, आईची ओढणी आणि शाल. यात महागाचे काही नाही. एका जुन्या सुती साडीतून अर्ध्या मीटरचे वीस चौकोन सहज निघतात. एका साडीत एका लेकराचे लंगोट झाले. ज्यांना मशीन चालवता येते त्यांनी झबली घ्यावी, ज्यांना येत नाही त्यांनी गोधडीला टाके घालावेत. म्हाताऱ्या आईंच्या हातचा टाका अजून कोणाला जमत नाही.

सगळे धुऊन, कडक उन्हात दोन्ही बाजूंनी वाळवून, मगच घडी घालायची. ऊन हे फुकटचे औषध आहे. अंधाऱ्या खोलीत, दोरीवर अर्धवट वाळलेला लंगोट बाळाला लावू नये, हेही आईला सांगायचे.

पिशवी सातव्या-आठव्या महिन्यातच पोहोचली पाहिजे. काही घरांत जन्माआधी बाळाचे सामान घरात ठेवणे अशुभ मानतात. तिथे वाद घालू नका. पिशवी आशाताईकडे किंवा अंगणवाडीत ठेवा आणि दवाखान्यात जाताना बरोबर द्या. ज्या कुटुंबांना दिवाळीनंतर कामासाठी गाव सोडायचे असते, त्यांना निघण्याआधीच द्या. कोपीतल्या थंडीत तिचा खरा उपयोग आहे.

शासनाचेही लक्षात असू द्या. दवाखान्यात बाळंतपण झाले तर आशाताईने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी यायचे असते. घरी झाले तर पहिल्या दिवशीही. तिच्याकडे काटा, थर्मामीटर असतो. राज्य शासनाने २०१९ मध्ये पहिल्या बाळंतपणासाठी बेबी केअर किट सुरू केले, त्याची अंगणवाडीत चौकशी करावी. आजारी नवजात बाळाला सरकारी दवाखान्यात उपचार आणि वाहन मोफत आहे, ही सोय २०११ पासून जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रमात आहे. आपली पिशवी हातात देताना हे तोंडी सांगून यावे. बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेले असेल, श्वास भरभर चालत असेल, तळपाय पिवळे दिसत असतील, झटके येत असतील, तर सकाळ होण्याची वाट न पाहता १०८ ला फोन करावा.

आणि देताना अट नको. कोणत्या घरातले, कोणत्या देवाला मानणारे, हे विचारून टोपरे द्यायचे नसते. फोटो काढायचा तर आईला आधी विचारा, आणि ती नाही म्हणाली तर तिचे ऐका. ओल्या बाळंतिणीला रांगेत उभे करून पिशवी वाटणे हा तिचा अपमान आहे. तिच्या दारी जा, बसा, चहा दिला तर घ्या, बाळाचे पाय हाताने तपासून दाखवा. मग पिशवी द्या.

वाशीमला हे काम नवे नाही. डॉ. ऑर्फा स्पायकर या मिशनरी डॉक्टरबाईंनी १९३८ मध्ये वाशीमला रेनॉल्ड्स मेमोरियल रुग्णालय सुरू केले, तेच मुळी बाया आणि मुलांसाठी. आणि त्याहून जुनी ओळख सांगायची तर प्रेषितांच्या कृत्यांतली यापो गावची दुर्कस आठवा. तिने उपदेश केल्याची नोंद नाही. ती गेली तेव्हा गावातल्या विधवा पेत्राभोवती रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेले कपडे त्याला दाखवू लागल्या. तिच्याविषयी सांगायला त्यांच्याकडे तेवढे पुरेसे होते.

पुढच्या रविवारी उपासनेनंतर आपण कापड बेतायला बसणार आहोत. ज्यांच्या घरी जुनी सुती साडी आहे त्यांनी ती धुऊन आणावी. कात्री, सुई, दोरा आमच्याकडे आहे. बाजारात थंडी पडायच्या आत तीस पिशव्या पुऱ्या करायच्या आहेत, आणि मोजून पाहिले तर हात पुष्कळ आहेत.

देव तुमच्या हातांच्या कामाला यश देवो.